हौसेचा रणगाडा विकायला काढताना

साताऱ्यातल्या गोडोलीत आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी टँक बनवतो, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हजार लिटरचा केवढ्याला?" पाण्याच्या टाकीशी माझा काही संबंध नाही. माझे टँक ओंजळीत मावतात. प्लास्टिकचे, रंगवलेले, खऱ्या रणगाड्याच्या ३५ पट किंवा ७२ पट लहान. बारा वर्षं हे नुसतं वेड होतं. गेली चार वर्षं त्यातून पैसे येतात. पहिल्या वर्षी ते का आले नाहीत, तेही सांगतो, कारण तुमचा त्यातलाच वेळ वाचणार आहे.

एक अट मात्र आधी. निदान पाच-सहा किट, म्हणजे सुटे भाग जोडून टँक करायचे खोके, तुम्ही शेवटपर्यंत नेलेली असावीत. अर्धवट ठेवलेली किट आपल्या सगळ्यांच्याच कपाटात असतात, ती मोजायची नाहीत. रंगाचा थर जाड न बसवता, डिकलखाली, म्हणजे चिकटवायच्या खुणांखाली, हवेचे बुडबुडे न ठेवता एक टँक पूर्ण होत नसेल, तर अजून सहा महिने हौसच करा.

पहिली पायरी: गिऱ्हाईक कोण?

मी सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर आणि पँथर टँकनं. जगभरचे मॉडेलवाले तेच करतात, म्हणून मीही केलं. एका प्रदर्शनात टेबल मांडलं. लोक वाकून बघायचे, "वा, हाताला कला आहे" म्हणायचे आणि पुढच्या स्टॉलवर भेळ खायला जायचे. दोन दिवसांत एकही विकला गेला नाही. टायगरचं सातारकराला काय? त्याच्या घरातलं कोणी त्यात बसलेलं नव्हतं.

घरातलं कोणी ज्यात बसलं होतं, असे टँक मात्र आपल्याकडे गावोगाव आहेत, आठवणीत. साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलंय. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली ती साताऱ्यात. कोरेगाव, खटाव, पाटण, कुठंही जा, पारावर एक तरी 'मेजर' भेटतो. (खरा हुद्दा नाईक असो की सुभेदार, गावात तो मेजरच.) त्यातले बहुतेक पायदळातले, पण टँकच्या रेजिमेंटमध्ये नोकरी काढलेलेही कमी नाहीत. माझं गिऱ्हाईक तिथं होतं आणि मी टायगर घेऊन बसलो होतो.

पहिली खरी ऑर्डर कोरेगाव तालुक्यातून आली. मुलाचा फोन. वडील टँक रेजिमेंटमधून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, ७१च्या लढाईत होते, त्यांच्या पंचाहत्तरीला भेट द्यायची आहे. "कुठला टँक?" "रशियन." माझ्याकडे टी-७२चं किट पडून होतं. तेच बनवलं, मन लावून बनवलं, आणि कार्यक्रमाला स्वतः घेऊन गेलो. आबांनी चष्मा चढवला, बोटानं चाकं मोजली आणि म्हणाले, "आरं, माझ्या टँकला पाच चाकं व्हती. ह्यो कुणाचा आणलास?"

त्यांचा होता टी-५५. त्याला प्रत्येक बाजूला पाचच चाकं, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकामध्ये जरा जास्त अंतर. टी-७२ला सहा. शिवाय टी-७२ आपल्या सैन्यात आला तो ७१च्या लढाईनंतर कितीतरी वर्षांनी. मला हे माहीत होतं. विचारलं नव्हतं, एवढंच.

दुसरा बनवून दिला. त्यावर मी माझी सगळी कला ओतली: गंजाचे ओघळ, उडालेला रंग, चाकांत चिखल, सायलेन्सरपाशी काजळी. मॉडेलवाल्यांत ज्याला वेदरिंग म्हणतात ते. आबांनी तोही फिरवून बघितला. "लेका, रोज सकाळी आमी ह्याला पुसायचो. असा गंज चढू दिला असता तर सायबानं मला फाशी चढवला असता." मी तो परत आणला, धुतला, पुसला, नुसती बारीक धूळ ठेवली. तेव्हा कुठं टँक आबांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बसला.

या धंद्यात मला कळलेली मुख्य गोष्ट ती आहे. छंदात आपण आपल्याला आवडलेला टँक बनवतो. विकायला लागलो की समोरच्याच्या डोक्यात असलेला टँक बनवायचा असतो, आणि तो त्याच्या डोक्यात कायम स्वच्छ असतो.

दुसरी पायरी: खोका उघडण्याआधी विचारायचे प्रश्न

आता मी एक छापील कागद ठेवतो. फोनवर बोलताना तो भरतो. मुलगा किंवा नातू ऑर्डर देत असेल तर त्याच्यावर विसंबत नाही, त्याला म्हणतो, भेट गुपित ठेवायची तर ठेव, पण जुने फोटो, पदकं, डिस्चार्ज बुक बघून सांग.

कुठली रेजिमेंट, कोणत्या साली भरती, कोणत्या साली निवृत्ती. टँक कुठला. त्यात काम काय होतं: ड्रायव्हर, गनर, लोडर की कमांडर. हा प्रश्न गप्पांचा वाटतो, पण तो पडताळणीचा आहे. टी-७२ मध्ये लोडर नसतोच, गोळा यंत्र भरतं, आत तिघंच असतात. समोरचा "मी लोडर होतो" म्हणाला आणि टँक टी-७२ सांगितला, तर कुठंतरी घोटाळा आहे. बहुधा तो आधी टी-५५ किंवा विजयंतावर असतो आणि नातवाला शेवटच्या टँकचं नाव तेवढं ठाऊक असतं.

साल का विचारायचं? एकच टी-५५ घ्या. ७१च्या लढाईतल्या टी-५५वर १०० मिलिमीटरची रशियन तोफ होती. पुढं आपल्या सैन्यानं बऱ्याच टी-५५वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. रशियन तोफेच्या नळीवरचा फुगवटा अगदी तोंडाशी असतो, १०५च्या नळीवर तो मध्यावर. बाजारातल्या साध्या किटमध्ये रशियन नळीच येते. म्हणजे १९९० साली त्या टँकवर असलेल्या माणसाला खोक्यातला टँक जसाच्या तसा दिला तर त्याला नळी खटकणार. त्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही कदाचित, पण तो "चांगलाय" एवढंच म्हणेल आणि तुमचं नाव पुढं कुणाला सांगणार नाही.

ढोबळ हिशेब पाठ असावा. १९४८ मध्ये झोजिलावर चढवले ते ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट. १९६५ मध्ये आपल्याकडे सेंच्युरियन आणि शर्मन, समोर पॅटन. १९७१ मध्ये सेंच्युरियन, टी-५५, पाण्यात तरंगणारा पीटी-७६, आणि चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यातला विजयंता. लोंगेवालाला जे वाळूत अडकले ते पाकिस्तानचे चिनी टी-५९. त्यानंतर टी-७२ म्हणजे अजेय, टी-९० म्हणजे भीष्म, आणि अर्जुन. सगळ्यात जास्त विचारणा कशाची होते म्हणाल तर 'फामागुस्ता'ची. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढले, त्याचं हे नाव. रेजिमेंट पूना हॉर्स, त्यामुळं आपल्याकडच्या माणसाला ती अधिकच जवळची वाटते.

आणि एकदा अहिल्यानगरला जाऊन या. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये उघडलं. पुण्यामार्गे गेलात तर एका दिवसात जाऊन येणं होतं. खऱ्या टँकच्या शेजारी उभं राहिलं की फोटोत न कळणाऱ्या गोष्टी कळतात, वेल्डिंगची जाडी, ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, चाकांवरच्या पट्ट्याची लोंबण. टँक किती उंच असतो हेही तिथंच कळतं. किट बनवून बनवून आपण त्याला खेळणं समजायला लागलेलो असतो.

इथं एक गंभीर सूचना. सध्या नोकरीत असलेला एखादा जवान प्रेमानं मोबाइलवर आपल्या टँकचे जवळून काढलेले फोटो पाठवतो. ते ठेवू नका, पुढं पाठवू नका, आणि त्यालाही तसं सांगा. म्युझियममध्ये आहे किंवा छापून आलंय तेवढ्यावर काम भागतं. चालू युनिटचा खरा नंबर रंगवून इंटरनेटवर टाकू नका.

तिसरी पायरी: माप ठरवणं

दोन मापं पुरतात, १/३५ आणि १/७२. तोफेसकट साडेनऊ मीटरचा टी-९० पहिल्या मापात सुमारे २७ सेंटिमीटर होतो आणि दुसऱ्यात १३. पहिला शोकेसमध्ये बसतो, दुसरा ऑफिसच्या टेबलावर. हा ३५चा आकडा कुठून आला हे गिऱ्हाइकाला सांगायला मजा येते: तामिया या जपानी कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, आणि तो साधारण १/३५ भरला. पुढं सगळ्या जगानं तेच माप धरलं.

चौथी पायरी: टेबल, हत्यारं आणि साताऱ्याचा पावसाळा

हत्यारांबद्दल लिहायला बसलो तर लेख तिथंच संपेल. तुम्ही पाच-सहा किट केलीत म्हणजे निपर, सुऱ्या, पॉलिश पेपर, पुट्टी हे आहेच. धंद्यासाठी हवेच्या दाबानं रंग फवारणारा एअरब्रश लागतो, ०.३ मिलिमीटर नोझलचा, आणि हवेची टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर. टाकी नसलेला घेऊ नका, हवा धक्के देत येते. बाकीचं गावातच मिळतं, फक्त मॉडेलच्या दुकानात नाही. सर्फेसर आणि थिनर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात, सिरिंज आणि हातमोजे मेडिकलमध्ये, नावाची पितळी पट्टी ट्रॉफीवाल्याकडे. टँकवर ठेवायचं ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण नेमप्लेट करणारे लेझरवर कापून देतात. टँकखालची लाकडी बैठक सुताराकडून दहाच्या दहा एकदम करून घ्या, एकेक सांगितली तर तो दरवेळी "उद्या या" म्हणेल.

थ्रीडी प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं मत आहे. रेझिन प्रिंटरला धुणं, अतिनील दिव्याखाली सुकवणं, मास्क, हातमोजे, वास हे सगळं लागतं, आणि तो वेळ रंगकामातून जातो. एखादा भाग हवाच असेल तर पुण्यात छापून मिळतो. ऑनलाइन विकत घेतलेली फाइल बहुधा फक्त स्वतःच्या वापरासाठी दिलेली असते, तिच्यावरून छापलेलं विकायचं असेल तर व्यावसायिक परवान्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. दुसऱ्याच्या किटचा सिलिकॉन साचा काढून रेझिनच्या नकला ओतणं ही तर सरळ चोरी आहे. असे लोक आहेत, आणि मॉडेलवाले त्यांना लगेच ओळखतात.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर यवतेश्वराच्या बाजूनं जे धुकं आणि सरी येतात, त्यांनी माझे किती टँक नासवले त्याला मोजमाप नाही. हवेत ओल असली की लॅकर रंग सुकताना पांढरट पडतो, वार्निश दुधाळ होतं. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं आणि ऐन रंगात थुंकी पडल्यासारखा ठिपका येतो. उपाय तीन. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली बसवा आणि दर अर्ध्या तासानं ती रिकामी करा. पावसाळ्यात लॅकर सोडून पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग वापरा. आणि एका जुन्या लाकडी कपाटात वरच्या फळीला जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावा, खाली रंगवलेले भाग. आतलं तापमान हाताला कोमट लागेल इतकंच ठेवा; एकदा मी शंभरचा बल्ब लावला आणि टी-५५ची नळी कमानीसारखी वाकली.

थिनरचा फवारा मारताना स्वयंपाकघरातला साधा एक्झॉस्ट फॅन लावू नका. त्याच्या मोटरमध्ये ठिणगी उडते आणि थिनरची वाफ पेट घेते. खिडकी उघडी, मास्क तोंडावर, आणि घरात लहान मूल असेल तर रंगकाम रात्री. माझ्या बायकोनं यासाठी स्वतंत्र नियम केले आहेत, ते इथं देत नाही.

पाचवी पायरी: टिकेल असा बनवा

स्वतःसाठी बनवलेला टँक आपण जपून ठेवतो. विकलेला टँक दर दिवाळीला फडक्यानं पुसला जातो आणि पाहुण्यांची पोरं त्याची नळी ओढतात. म्हणून वरचा आणि खालचा भाग चिकटवण्याआधी पोटात आतून दोन एम-४ नट एपॉक्सीनं बसवा. मग बैठकीच्या खालून स्क्रू पिळला की टँक लाकडाला पक्का. गोंदानं चिकटवलेला टँक वाटेतच सुटतो.

बुरूज, म्हणजे तोफ असलेला वरचा भाग, फिरता ठेवू नका. हातरेलिंगच्या प्लास्टिकच्या काड्या काढून तांब्याची किंवा पितळेची तार लावा. अँटेनाला ताणलेल्या प्लास्टिकपेक्षा गिटारची बारीक तार बरी, वाकली तर सरळ होते. आणि रबरी पट्टे असलेल्या किटपासून सांभाळा. त्या मऊ रबरातलं तेल कालांतरानं चाकांचं प्लास्टिक विरघळवतं. माझ्याकडं सात वर्षांपूर्वीचा एक शर्मन आहे, त्याची चाकं पट्ट्यात रुतून बसलीत.

रंग ऑलिव्ह ग्रीन हवा, पण डबीतला थेट मारला तर छोटा टँक काळपट दिसतो. थोडा पांढरा किंवा पिवळसर मिसळून एक छटा उजळ करा. फिकट वाटेल, पण घरातल्या ट्यूबलाइटखाली तोच खरा दिसतो.

सहावी पायरी: हिशेब

हौसेला मोल नसतं म्हणतात, म्हणून मी पहिल्यांदा मोलच केलं नाही. १/३५चा एक टँक सात हजाराला विकला आणि मित्रांना चहा पाजला. नंतर एका रविवारी वही घेऊन बसलो.

किट ३८००. रंग, पुट्टी, वॉश ४५०. बैठक आणि पितळी पट्टी ६००. ॲक्रिलिकचं झाकण ९००. खोका आणि पॅकिंग २५०. वीज आणि किरकोळ १००. झाले ६१००. माझ्या हातात राहिले ९००, आणि तास लागले होते ३८. तासाला २४ रुपयेसुद्धा पडले नाहीत. आमच्या गावी भांगलणीला जाणाऱ्या बायकांना यापेक्षा जास्त मिळतात, आणि त्यांना दुपारी चहाही असतो.

आता मी तासाला १५० रुपये धरतो. ३८ तासांचे ५७००, सामान ६१००, मिळून ११,८००. त्यावर बिघडलेलं, पुन्हा केलेलं, फुकट दुरुस्त करून दिलेलं यासाठी दहा टक्के. म्हणजे तेरा हजार. हा आकडा पहिल्यांदा फोनवर सांगताना माझा आवाज बारीक झाला होता. समोरचा म्हणाला, "बरं, कधी मिळेल?" स्वस्तात देत होतो तेव्हा लोक घासाघीस करत होते, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

किट महाग का, हेही गिऱ्हाईक विचारतं. जवळजवळ सगळी किट बाहेरून येतात, आणि आयातीत ती खेळण्यांच्याच वर्गात धरली जातात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. आपल्याला ते एका खोक्यात हजार-दीड हजारानं जाणवतं. म्हणून सेल लागला की टी-५५, टी-७२, सेंच्युरियन अशी चालणारी किट एक-दोन घेऊन ठेवायची. पाचापेक्षा जास्त नाही. खोके साठवणं हा आपला जुना रोग आहे आणि धंद्याच्या नावाखाली तो बळावतो.

निम्मे पैसे आगाऊ घ्या, मगच किट उघडा. नात्यातल्यांकडून तर जरूर घ्या. मामेभावाच्या साहेबांसाठी केलेला एक टी-९० अजून माझ्याच कपाटात आहे.

मोठ्या टँकवर घर चालत नाही, हेही वहीनं सांगितलं. म्हणून १/७२. एकाच प्रकारचे सहा एकदम जोडायचे, एकदम प्राइमर, एकदम हिरवा रंग. सुटा केला तर अकरा-बारा तास लागतात, सहाच्या घाण्यात प्रत्येकी सहा तास. सामान १९६०, मजुरी ९००, वर दहा टक्के, ३२०० रुपयांना देता येतो. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला चार जणांनी मिळून द्यायला हा आकडा सोपा पडतो.

सातवी पायरी: कागदपत्रं

ही कंटाळवाणी आहे, पण एका दुपारची. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. एजंटला पैसे देऊ नका. कामाला माणसं थोडीच असतील तर दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, लोक अजून तिला गुमास्ता म्हणतात. बँकेत वेगळं खातं काढा, नाहीतर किराणा आणि किटचा हिशेब एकच होतो.

जीएसटी: फक्त वस्तू विकत असाल तर राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि आपण तिथं पोचणार नाही. पण माल परराज्यात पाठवायचा तर ही सूट साधारणपणे मिळत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीमुळं बेळगाव आपल्याला घरचं वाटतं, जीएसटीला ते कर्नाटक आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी काही सवलती आहेत, तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला एकदा विचारून घ्या.

खेळण्यांचा नियम मात्र बहुतेकांना माहीत नसतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र आणि खूण सक्तीची आहे. आपला टँक शोभेचा, संग्रहाचा. खोक्यावर आणि पावतीवर तसं स्पष्ट लिहा, वय १४च्या वर असंही. आणि मग गणपतीच्या जत्रेत तोच टँक "घ्या पोराला खेळायला" म्हणून विकू नका, लिहिलेल्याला काही अर्थ राहत नाही.

पट्टीवर अशोकस्तंभ घालायची मागणी फार येते. नाही म्हणा. राजचिन्हाच्या वापरावर कायद्यानं बंधनं आहेत आणि धंद्यात ती अधिकच कडक. नाव, हुद्दा, सालं आणि टँकचं नाव एवढं पुरतं. हुद्दा नीट लिहा: टँकवाल्यांत हवालदाराला दफेदार म्हणतात, सुभेदाराला रिसालदार. इथं चुकलात तर बाकी टँक कुणी बघतच नाही.

कर्ज? पहिल्या वर्षी नको. मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतं, जिल्हा उद्योग केंद्रातून अनुदानाच्या योजनाही आहेत. पण आधी दहा टँक स्वतःच्या पैशानं विकून बघा.

आठवी पायरी: पोचवणं

माझा तिसरा टँक एका कुरिअरनं सोलापूरला गेला. पोचला तेव्हा बुरूज एका कोपऱ्यात होता आणि नळी दोन तुकड्यांत. भरपाईचं विचारलं तर "नाजूक वस्तू आम्ही घेतच नाही" हे उत्तर, तेही माल घेऊन झाल्यावर. तेव्हापासून जिल्ह्यात आणि सांगलीपर्यंत मी स्वतः नेऊन देतो. पेट्रोल किमतीत धरतो. समोर बसून चहा होतो, आणि निघताना शेजारचा एक मेजर बघून गेलेला असतो.

लांब पाठवायचा तर खोक्यात खोका. टँक बैठकीसकट आतल्या खोक्याच्या तळाला खालून स्क्रूनं आवळायचा, म्हणजे आत तो कशालाच टेकत नाही. नळीखाली स्पंजचा ठोकळा. ॲक्रिलिकचं झाकण वेगळं गुंडाळायचं, त्याची फिल्म काढायची नाही. दोन खोक्यांमध्ये चारही बाजूंनी थर्माकोल. मग बंद केलेला खोका कमरेच्या उंचीवरून स्वतः खाली सोडून बघा. धाडस होत नसेल तर पॅकिंग अजून झालेलं नाही असं समजा.

नववी पायरी: ऑर्डर कुठून येतात

जाहिरातीवर मी पैसे घालवले आणि ते गेले. ऑर्डर येतात माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, तेही कुणीतरी आपल्या शोकेसचा फोटो टाकला की. म्हणून टँक देताना गिऱ्हाइकाच्या हातात टँक असलेला एक फोटो त्यांच्याच फोनवर काढून द्या. मधल्या काळात तीन फोटो पाठवा: जोडून झाल्यावर, हिरवा रंग झाल्यावर, पट्टी लावण्याआधी. स्पेलिंगची चूक तिसऱ्या फोटोत सापडते.

वर्षाचं गणित तारखांवर बसवा. १ मे हा चिलखती दलाचा दिवस. सिंद हॉर्सनं १९३८ मध्ये घोडे सोडून गाड्या घेतल्या त्याची आठवण. त्याच दिवशी महाराष्ट्र दिन. १६ डिसेंबरला विजय दिवस, कराडला तो मोठा साजरा होतो आणि त्याच्या आधीचे दोन महिने माझा फोन वाजत असतो. रेजिमेंटांचे स्थापना दिवस वेगवेगळे, ते वहीत टिपून ठेवा. फौजी लोक महिनाअखेरीला निवृत्त होतात, म्हणून ऑर्डर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते आणि "पंचवीस तारखेपर्यंत पाहिजे" असं असतं. तयार हिरवे १/७२ चार-पाच ठेवलेले असले की फक्त खुणा, नाव आणि पट्टी उरते.

नोकरी मी सोडलेली नाही. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार धरून महिन्याला पासष्ट-सत्तर तास होतात. त्यात एक मोठा आणि चार छोटे बसतात. सामान वजा जाता बारा हजारांच्या आत हातात येतात, तेही सगळ्या ऑर्डर असतील तर. जून-जुलैत निम्मे. मोठा टँक मागणाऱ्याला मी आता तीन महिने सांगतो.

सध्या टेबलावर पीटी-७६ आहे, पाटण तालुक्यातल्या एका ड्रायव्हरचा. मुलानं नंबर पाठवलाय, पण आईच्या मते तो नंबर दुसऱ्याच टँकचा. येत्या रविवारी जुना अल्बम बघायला जायचंय. तोवर रंग थांबवलाय.